पान्यावर पाना

थोरलीचं, मालनचं, बारसं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झालं, म्हणून ते साल मला कुठं शोधावं लागत नाही. एकोणीसशे त्र्याऐंशी. पाळणा टांगून झाला होता, बायका गाणी म्हणत होत्या, आणि दस्तगीर मिस्त्री दारातून वाकून आत आले. डोक्याला धुतलेली पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात कागदात गुंडाळलेले चांदीचे वाळे.

माझी बायको पोरीला घेऊन पुढं झाली. "चाचा, घ्या की नातीला."

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं पोरी. आमचे हात ग्रीसचे. डाग पडंल."

"आज कुठलं ग्रीस? चकचकीत आहेत की हात."

"दिसत न्हाई. आत मुरलंय." ते हसले, पाळण्यावर वाकले आणि वाळे पोरीच्या पायाशी ठेवले. सगळे हसले. रात्री बायको मात्र फुरंगटून म्हणाली, "चांदी दिली, पण डाव्या हातानं दिली. बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "तुला भलतंच दिसतं."

मिस्त्री म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचे मालकही नव्हेत आणि नोकरही नव्हेत. गॅरेज इंगवल्यांच्या फाउंड्रीला लागून, जागा त्यांची. पण तिथं शब्द चालायचा तो मिस्त्रींचा. बाप गेल्यावर आईनं मला त्यांच्यापुढं उभं केलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि पाटीवर कधी रेघ ओढली नव्हती. आकडे मला मिस्त्रींनी शिकवले, पान्यांवरचे. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. अक्षरं त्यांनाही येत नव्हती.

त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. गाडी दारातून बाहेर पडण्याआधी चारी चाकांवर शेवटचा हात मिस्त्रींचा. चाक कुणीही चढवावं, नट बोटानं कुणीही लावावेत, पण आवळायचे त्यांनी. आणि एकदा त्यांनी आवळले की मग त्यावर दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही. दोन हात लागले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही, असं ते म्हणायचे. बाळू म्हणून एक चांगल्या हाताचा कारागीर होता. त्यानं एकदा नुसती खात्री करायला म्हणून पाना लावला, तर मिस्त्रींनी त्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि दार दाखवलं. पान्यावर पाना म्हणजे आमच्यात तोंडावर थुंकल्यासारखं होतं.

बारशानंतर दोन दिवसांनी आम्ही गाडी ट्रकवर चढवली आणि दक्षिणेला निघालो.

गाडी जयदीपदादांची. शामराव इंगवल्यांचा हा एकुलता एक मुलगा, वय एकोणतीस. फाउंड्रीत ओतकामाच्या खड्ड्याजवळ उघडा उभा राहायचा, माणसांत बसून भाकरी खायचा, आणि गाडीत बसला की दुसराच कोणी व्हायचा. टुरिंग कारची शर्यत म्हणजे रस्त्यावर चालते तीच चार दारांची गाडी, आतून-बाहेरून कापून हलकी केलेली आणि इंजिनाची ताकद वाढवलेली. आमची फियाट होती. तीन ठिकाणच्या शर्यतींचे गुण मिळवून त्या सालचा विजेता ठरायचा. दोन ठिकाणं झाली होती आणि दादा सगळ्यांच्या पुढं होते. ह्या शेवटच्या ठिकाणी पहिल्या तिघांत आले की झालं. तोवर विजेत्याचं ते मानाचं पदक कोल्हापुरात कधी आलं नव्हतं.

आमच्याबरोबर नाना वेर्णेकर होते. शाळामास्तर, दादांचे जुने शिक्षक. स्टॉपवॉच धरायचे, वेळा वहीत मांडायचे आणि पाटीवर खडूनं लिहून दादांना दाखवायचे. तोंडाचा पट्टा सतत चालू.

ती जागा म्हणजे लढाईच्या काळातली, सोडून दिलेली विमानाची धावपट्टी. भेगाळलेलं सिमेंट, भेगांतून गवत, आणि समुद्राकडून येणारा खारट वारा. पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी आणि डांबराच्या रिकाम्या पिंपांनी वळणं आखली होती. झाड म्हणून नाही. गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा शर्यतीची रुग्णवाहिका बंद पडली होती, आणि मिस्त्री, मी आणि कोइमतूरचे दोन मेकॅनिक मिळून तिला ढकलत होतो.

"हिलाच न्यायला चार माणसं लागतात," नाना सावलीतून ओरडले. "ही कुणाला नेणार?"

"नाना, अभद्र बोलू नगासा," मिस्त्री म्हणाले. ढकलताना त्यांनी खांदा लावला होता. हात लावला नव्हता.

शुक्रवारी सराव. दादा आठ फेऱ्या मारून आत आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक दाबला की पुढून डावीकडं थरथरतंय. बघा जरा."

"शिद्या, चाक उतरव. ब्रेकचे लायनर बघू."

मी जॅक लावायच्या आधी नट सैल करायला पाना चढवला आणि नेहमीसारखा पाय उचलला. मिस्त्रींनी आवळलेला नट हातानं सुटायचा नाही, पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागायचं. पण पाय टेकायच्या आत पाना आपल्याच वजनानं खाली गेला. नट फिरला.

मी तसाच थांबलो. दुसरा नट घट्ट होता. तिसरा पुन्हा हातानं सुटला.

रुंद चाकं बसावीत म्हणून आम्ही मूळचे बोल्ट काढून लांब स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, आणि त्यांवर नट घातले होते, चाकाला चार. चारांतले दोन सैल. मी वर बघितलं. मिस्त्री पिंपावर बसून चहा घेत होते. ग्लास डाव्या हातात होता. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, दमलेल्या जनावरासारखा.

तेव्हा मला बायकोचं बोलणं आठवलं.

मी कुणाला काही बोललो नाही. लायनर घासून बसवले, चाक चढवलं, नट बोटानं लावले आणि बाजूला झालो. मिस्त्री उठले. पाना लावला, वाकले, सगळं अंग पान्यावर घातलं. चेहऱ्यावर घाम आला. पूर्वी त्यांचा मनगटाचा एक झटका असायचा, 'कट्' असा आवाज यायचा आणि काम संपायचं. आज आवाज आला नाही.

"झालं," ते म्हणाले.

शुक्रवार होता. दुपारी ते जवळच्या गावातल्या मशिदीत नमाजाला गेले. ते गेले तसा मी पाना काढला आणि सोळाच्या सोळा नट तपासले. पाच नटांनी पाव-पाव फेरी घेतली. आईच्या पेटीला हात घालावा तसं वाटत होतं.

मिस्त्री परत आले. टोपी खिशात ठेवली, गाडीला एक फेरी घातली. डाव्या पुढच्या चाकाजवळ थोडा वेळ उभे राहिले. अंगठा एका नटावरून फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जेवलास का?"

"न्हाई अजून."

"मग जेव की. वाळक्यागत झालायस."

संध्याकाळी नळावर हात धुताना मी धीर केला. "चाचा, हात दुखतोय का उजवा?"

"कोण म्हणतंय?"

"चहा डाव्या हातानं घेतला तुम्ही."

"चहा कुठल्या हातानं प्यावा ते आता तू शिकवणार होय मला? दिवाळीत जरा वारं लागलं होतं. गेलं."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"शिद्या," ते म्हणाले, आणि नळ बंद केला. डाव्या हातानंच. "दादाला ह्यातलं अक्षर सांगायचं न्हाई. पोराचं डोकं शर्यतीत असू दे. कळलं?"

"व्हय."

दादांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी त्या वेळी फार विचार केला. दादांनी मिस्त्रींना मानानं खुर्चीवर बसवलं असतं. शाल दिली असती. आणि खुर्चीवर बसवलेला मिस्त्री महिनाभरात आटून गेला असता, असं मला वाटायचं. त्या माणसानं मला हातात पहिला पाना दिला होता. त्यांच्या मागून गुपचूप हात फिरवायचा, तीनच दिवसांचा तर प्रश्न आहे, कोल्हापूरला गेल्यावर बघू, असं मी ठरवलं.

शनिवारी वेळ लावायची होती. कोण कुठल्या जागेवरून सुटणार ते त्यावर ठरायचं. मिस्त्रींनी चाकं आवळली आणि कार्ब्युरेटरकडं गेले. मी फडक्यात पाना गुंडाळला, चाकं पुसायच्या निमित्तानं खाली बसलो आणि एकेक नट दाबून घेतला. उजव्या मागच्या चाकाचा एक नट जवळजवळ अर्धी फेरी फिरला.

दादांनी दुसरी वेळ लावली. पहिला कोइमतूरचा, फरक एका सेकंदाचासुद्धा नाही. दादा उडी मारून खाली उतरले, मिस्त्रींना मिठी मारली.

"गाडी रुळावरून चालल्यागत जातीय, मिस्त्री! काय हात आहे तुमचा!"

मिस्त्रींचं तोंड उजळलं. दोन महिन्यांत मी ते तसं बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. आणि नेमकं तेव्हाच नाना बोलले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते नेहमीसारखेच बोलत होते.

"हात मिस्त्रींचा आणि मालिश शिद्रामची! सकाळी बघत होतो मी. फडक्यात पाना धरून चाकाचं अंग रगडत होता. शिद्राम, बाळंतिणीचं घरी राहिलं, इथं मालिश चालू केलीस काय रे?"

कोइमतूरवाले तोंडाकडं बघून हसले. त्यांना शब्द कळले नव्हते, पण नानांनी हातानं पाना फिरवून दाखवला होता, तो कळला.

मिस्त्री हळूच माझ्याकडं वळले.

"पाना लावलास?"

मी फडकं पाठीमागं घेतलं.

"माझ्या पान्यावर पाना लावलास?"

"चाचा, नुसतं..."

"पंधरा वर्षं!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली. "पंधरा वर्षं खाल्लंस माझ्या हाताखाली, आणि आता माझं काम तपासतोस? चारचौघांत? तुझा बाप तुझं नाक पुसायच्या आधी मी इंजिनं उघडत होतो, मर्दा!"

दादा मधे पडले. "मिस्त्री, जाऊ द्या. शिद्राम, तू सांग. काही अडचण आहे का? नट सैल सापडले का तुला?"

हाच तो क्षण. मी तो इतक्या वेळा जगलोय की दादांच्या हेल्मेटचा पट्टा कुठं उसवला होता तेसुद्धा मला सांगता येईल. मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "नट पक्के होते. माझीच खोड."

"नक्की?"

"नक्की."

"मग कशाला म्हाताऱ्याला चिडवतोस?" दादा हसले आणि माझ्या पाठीत थाप मारली.

पण मिस्त्री हसले नाहीत. "लेकीची आण घे," ते म्हणाले. "ह्या सगळ्यांच्या म्होरं. ह्या गाडीच्या चाकाला परत पाना लावणार न्हाई म्हण."

"चाचा, वीस दिवसांची पोर आहे..."

"घे!"

मी घेतली. नाना खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत बसले. त्यानंतर दिवसभर ते एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी मिस्त्री माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, समजूत घालतील. पण त्यांनी विड्या काढल्या, एक मला दिली. काडी ओढायचा प्रयत्न केला, दोन काड्या मोडल्या, मग पेटी माझ्याकडं सरकवली. मी दोघांच्या विड्या पेटवल्या. समुद्राकडचा वारा आता थंड झाला होता. दूर धावपट्टीवर कुत्री फिरत होती आणि कुणीतरी पेंढ्याचे विस्कटलेले गठ्ठे परत रचत होतं.

"उद्या नवीन टायर घालायचे," मिस्त्री म्हणाले. "चाकं मी आवळीन. तू इंजिन बघ."

"बरं."

"तुझी नजर असती चाकांवर. मला ठावं हाय."

मला तो टोमणा वाटला. मी मान खाली घातली. ते आणखी काही बोलणार होते असं वाटलं, पण विडी संपली तसे उठून गेले.

रविवारी ऊन पांढरं पडलं होतं. शर्यत पंधरा फेऱ्यांची, साडेतीनची वेळ. दोन वाजता नवीन टायरची चाकं चढवली. मी नट बोटानं लावून दिले आणि बॉनेटकडं जाऊन उभा राहिलो. मिस्त्री खाली बसले.

मागची दोन. मग उजवं पुढचं. प्रत्येक चाकाला त्यांचा श्वास वाढत गेला. शेवटी डावं पुढचं, माझ्यापासून दोन हातांवर. पहिला नट. दुसरा. तिसऱ्याला पाना घसरला आणि सिमेंटवर पडला. त्यांनी तो उचलला, परत लावला. चौथ्या नटाला त्यांनी दोन्ही हात लावले, जोर दिला, आणि मग पाना तसाच नटावर ठेवून मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

बराच वेळ बघत होते.

माझा पाना माझ्या मागच्या खिशात होता. माझा हात तिकडं गेलाही होता. पण मला वाटलं, ते माझी परीक्षा बघताहेत. काल चारचौघांत घेतलेली आण हा पाळतो का नाही, ते बघताहेत. मालनचं तोंड डोळ्यांपुढं आलं. मी हात काढून घेतला, तोंड फिरवलं आणि बॉनेटमध्ये वाकून नसलेलं काम करत बसलो.

थोड्या वेळानं मागून पाना खोक्यात टाकल्याचा आवाज आला. "झालं," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी उगाचच विचारलं, "शिद्या, मी जरा पाणी पिऊन येतो. पाच मिनिटं लागतील. गाडीपाशी तूच हाईस न्हवं?"

"हाय."

ते गेले. दहा मिनिटांनी आले. मी बॉनेटपाशीच उभा होतो, हातात फडकं घेऊन, चाकांकडं पाठ करून. फडकं बघून त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, मी शब्द पाळला म्हणून.

दादा आले. देवीचा अंगारा कपाळाला लावला, मिस्त्रींच्या पायांना हात लावला, मिस्त्रींनी त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवला. आत बसताना दादा मला म्हणाले, "शिद्राम, कोल्हापूरला गेल्यावर पोरीला बघायला येतो. काय आणू?"

"तुम्ही या म्हणजे झालं, दादा."

झेंडा पडला. वीस गाड्यांचा आवाज एकदम उठला तसं पायाखालचं सिमेंट थरथरलं. पहिल्या फेरीला दादा दुसरे. पाचव्या फेरीला दुसरेच, पण कोइमतूरवाल्याच्या मागच्या बंपरला चिकटलेले. नाना पाटीवर आकडे लिहून उंच धरत होते. आठव्या फेरीत, विमानं ठेवायच्या जुन्या हँगरच्या वळणावर, दादांनी आतली बाजू धरली आणि बाहेर पडले ते पहिले. नाना लहान पोरासारखे नाचले. मिस्त्री उभेच होते, दाताखाली न पेटवलेली विडी.

अकराव्या फेरीला गाडी आमच्या समोरून गेली आणि मला दिसलं.

डावं पुढचं चाक सरळ फिरत नव्हतं. डोलत होतं. फार नाही, गाडी सुसाट जाताना दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पण ते चाक मला तोंडपाठ होतं.

"नाना, आत बोलवा! दादाला आत बोलवा!"

"का? पहिला आहे तो!"

"चाक ढिलं हाय! पाटीवर लिहा! आत या म्हणून लिहा!"

"शिद्राम, चार फेऱ्या राहिल्या. आत घेतला तर सगळं गेलं. नीट बघितलंस का तू?"

"नाना, लिहा हो!"

मी त्यांच्या हातातली पाटी ओढली, खडू ओढला. आणि पाटी गुडघ्यावर घेऊन तसाच बसलो. मला लिहिता येत नव्हतं. नानांनी माझं तोंड बघितलं, खडू परत घेतला, आकडे सदऱ्याच्या बाहीनं पुसले आणि लिहायला लागले. दादांची गाडी सरळ पट्ट्यावर आली तेव्हा नाना पाटी घेऊन पुढं धावले. पण दादांच्या शेजारी कोइमतूरवाला होता, दोघांचं लक्ष समोरच्या वळणावर होतं. पाटी त्यांनी बघितली नाही. किंवा बघितली असेल. ते आता कुणाला कळणार नाही.

मिस्त्री माझ्या शेजारी आले होते. "काय झालं? काय झालं रं?"

मी चाकाकडं बोट केलं. त्यांच्या तोंडातली विडी खाली पडली.

हँगरच्या वळणावर दादांनी ब्रेक दाबला. चाक निघालं. ते एकटंच पुढं गेलं, पिंपांच्या वरून उडालं आणि रानात बराच वेळ पळत राहिलं. गाडी नाकावर बसली, एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यांत जाऊन थांबली. त्यानंतर वाऱ्याचा आवाज ऐकू आला. मागच्या गाड्या थांबल्या होत्या.

मी पळालो. पत्रा कापून काढायला बराच वेळ लागला. दादा बोलत नव्हते, पण श्वास होता.

त्यांना नेल्यावर शर्यतीचे एक अधिकारी ते चाक आणि गाडीवरून काढलेले त्याचे स्टड घेऊन आमच्या तंबूत आले. स्टड दाखवले. आटे घासून गुळगुळीत झाले होते, एकही स्टड तुटलेला नव्हता, म्हणजे नट सैल होऊन निघाले होते. त्यांनी हिंदीत विचारलं, ह्या चाकावर शेवटचा हात कुणाचा?

"माझा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बाकावर बसलो. नाना शामरावांना ट्रंककॉल लावायला गेले तेव्हा अजून उजेड होता. मिस्त्री किती तरी वेळ आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुठला नट चुकला असंल रं तुझ्याकडनं?"

मला कळलं नाही. "माझ्याकडनं?"

"तू फिरलास न्हवं चाकांवरनं. मी पाणी प्यायला गेलो तवा."

"न्हाई, चाचा."

त्यांनी मान वळवली. "न्हाई म्हंजे?"

"पाना लावला न्हाई मी."

"तुला दिसलं न्हवतं? मी तुझ्याकडं बघितलं की. मला जमत न्हवतं म्हणून बघितलं. तुला मोकळं सोडावं म्हणून तर बाजूला गेलो. फडकं होतं तुझ्या हातात."

"तुम्ही आण घातली होती. लेकीची."

"ती चारचौघांत घातली हुती, शिद्या!" त्यांचा आवाज चिरकला. "म्हाताऱ्याची लाज राहावी म्हणून घातली हुती. शुक्रवारी माझ्या मागनं नट आवळलेस, मला ठावं न्हवतं व्हय? बोटाला कळलं मला. मी काही बोललो? शनिवारी बोललो ते नाना बोलला म्हणून. मला वाटलं, तुला कळतंय. तू हाईस म्हणून तर मी हात लावत हुतो."

आत नर्स ये-जा करत होत्या, आणि दार उघडलं की दोघंही उभे राहत होतो.

जयदीप शामराव इंगवले सोमवारी, चोवीस जानेवारी एकोणीसशे त्र्याऐंशी रोजी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वारले.